शोणितानंदांची लाल शाल

रविवारी सकाळी नऊलाच आमच्या कांदिवलीच्या सोसायटीच्या हॉलबाहेर चपलांचा ढीग पडला होता. आत शोणितानंद महाराजांनी बोटभर उंचीची मूर्ती वर धरली. मूर्तीच्या अंगावर रंगवलेली लाल शाल. अशी एकेक मूर्ती ते प्रत्येक रोग्याला घरी ठेवायला देत आणि दर रविवारी पडद्यामागे नेऊन तिला अभिषेक घालत.

"पाहा! मागच्या रविवारी ही शाल कुंकवासारखी होती. आज घड्यांत काळवंडली! रक्तातलं विष ओढलं तिनं! रोग संपला की कडांवर तेज फुटेल!"

सगळ्यात जोरात टाळ्या माझ्या बाबांच्या. बाबा, म्हणजे श्यामसुंदर, बँकेतून निवृत्त. पंधरा वर्षांचा मधुमेह. गोळ्यांमुळे मूर्ती 'गोंधळते' म्हणून महाराजांनी त्यांच्या मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या होत्या. तीन आठवड्यांत पायाच्या अंगठ्याची जखम चिघळली, तहान भागेना. बाबा म्हणायचे, "रेवती, विष बाहेर पडतंय."

ऑफिसातली माझी मैत्रीण इनेझ वर्सोव्याची. टेबलावरच्या युद्धखेळातले इवलेसे सैनिक रंगवायचा तिला नाद. तिनं घरी येऊन बाबांची मूर्ती भिंगाखाली धरली आणि हसलीच.

"कसलं विष गं! पाण्यासारखा पातळ केलेला काळपट लाल रंग आहे हा. आपोआप घडीत उतरतो, उंचवट्यावर टिकत नाही. माझ्या सैनिकांना मी अशीच सावली देते. पण हात झकास आहे हां महाराजांचा!"

"पण लावतो कधी?" मी विचारलं.

"पडद्यामागे नेऊन अभिषेक करतो ना? तेव्हा."

बाबा उखडले. "पुरावा दाखव, मग बोल."

"दाखवते काका. मूर्ती आठवडाभर डब्यात ठेवा. सील तुम्हीच करा."

बाबांनी डब्याला कागदी पट्टी चिकटवली, तिच्यावर सही केली आणि डबा कपाटात ठेवला. पुढच्या रविवारी हॉलच्या दारात पट्टी स्वतः फाडली. शाल होती तशीच. डबा पिशवीत टाकून त्यांनी मूर्ती महाराजांकडे दिली.

पडद्यामागून घंटा वाजली. महाराज बाहेर आले. "श्यामसुंदर, या आठवड्यात फारच विष ओढलं हो तुमचं!"

बाबांनी मूर्तीवरून अंगठा फिरवला. अंगठा लाल झाला.

"महाराज, ही आठवडाभर स्टीलच्या डब्यात होती. मग डब्याला मधुमेह झाला का?"

हॉलमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. महाराज म्हणाले, "तरंग! तरंग डब्यातूनही जातात!"

"मग माझेपण तरंग बघा," म्हणत इनेझ रंगाची डबी घेऊन पुढे गेली. सोबत आणलेल्या, सपाट लाल शालीच्या मूर्तीवर तिनं पातळ रंग सोडला, घड्या काळवंडल्या. मग कडांवर नारिंगी लावून ओल्या कुंचल्यानं तो लालात मिसळला. शाल उजळली. "पांढरा लावला तर तेज गुलाबी होतं, म्हणून नारिंगी. घ्या, पाच मिनिटांत रोगी बरा!"

लोक हसू लागले, मग चिडले. महाराजांनी घंटा उचलली आणि मागच्या दारानं पळ काढला.

त्याच दुपारी बाबांची साखर चारशे बारा निघाली. डॉक्टर म्हणाले, "आणखी आठवडा गेला असता तर पायाचा अंगठा कापावा लागला असता."

तिसऱ्या दिवशी बाबांनी आपला रिपोर्ट सोसायटीच्या फलकावर स्वतःच्या हातानं लावला. खाली लिहिलं: "मी फसलो. मला कुणी बांधून नेलं नव्हतं, मीच विचार करायचं सोडलं होतं. रक्तात काय आहे ते रक्त तपासून कळतं. शंका विचारा. गोळ्या बंद करू नका."