दिवाणखान्यातला काळा रंग

मामाच्या दुकानात काळ्या मखमलीचा डोंगर लागला होता आणि भाचीच्या डोक्यात त्याच्याएवढाच राग.

शंभर वर्षांपूर्वीच्या एका प्रवासी जहाजाचा दिवाणखाना संग्रहालयात हुबेहूब उभारायचा होता. खुर्च्या मढवायचं काम मामाचं, रंग तपासायचं काम रसायनशास्त्र शिकलेल्या भाचीचं. दाराजवळच्या पाटीवर 'रंगांची खात्री केली' म्हणून तिचं नाव लागणार होतं. आणि खुर्च्या काळ्या मढवायच्या ठरल्या होत्या, कारण जहाजाच्या जुन्या फोटोत त्या काळ्या दिसत होत्या.

"त्या काळी फोटो काचेवर घ्यायचे, आणि त्या काचेला लाल रंग दिसायचाच नाही," तिने संग्रहालयाच्या साहेबांना पुन्हा सांगितलं. "लाल ते काळं उमटायचं, निळं ते पांढरं. सावली बघून सदऱ्याचा रंग सांगण्यातलाच प्रकार आहे हा."

"लोकांना जुनं म्हणजे काळपटच वाटतं हो," साहेब मखमलीवर हात फिरवत म्हणाले. "आणि पुरावा कुठाय?"

जहाजावरची एकच अस्सल खुर्ची उरली होती. ती नमुना म्हणून मामाकडे आली, त्याने ती नव्याने मढवलीही. आतून नुसता काथ्या निघाला, असं तो म्हणाला होता.

तिने खुर्ची उलटी केली. नव्या कापडाच्या कडेला, एका गंजक्या खिळ्याच्या डोक्याखाली, केसाएवढा धागा अडकला होता. लाल.

"मामा, हे काय?"

"धागा. दुकानात धागे असतात."

"मामा."

मामाने कात्री खाली ठेवली. "होतं जुनं कापड. साहेब काळं म्हणत होते, तू लाल म्हणून हटून बसलेली. म्हटलं, आग्यामोहोळाला दगड कशाला मारा. आतच राहू दिलं."

"म्हणजे मी इतके दिवस भिंतीवर डोकं आपटत होते आणि तू शेजारी बसून भिंतीला टेकू देत होतास?"

"अगं, तुझ्या आईला विचार, मला भांडणं—"

"आईला मध्ये आणू नकोस. खोटं माझ्या नावावर लागणार आहे."

"आता उकरू नका," साहेब म्हणाले. "उद्घाटन तोंडावर आलंय."

तिने पक्कड उचलली. पहिला खिळा वाकडातिकडा होऊन उडाला, दुसराही.

"अहो, आवरा हिला."

मामा जागचा हलला नाही. तिने काळं कापड ओढून मागे टाकलं. खालचं मधोमध झिजून विटलं होतं. पण कडांना उजेड कधी लागलाच नव्हता, तिथे ते अजून भडक लाल होतं.

"हे कोण बघणार आहे?" साहेब म्हणाले, पण आवाज उतरला होता.

"मग पाटीवर तुमचं नाव घाला."

साहेब फोन कानाला लावून बाहेर गेले. कुणाला तरी तारीख पुढे ढकलता येईल का, असं विचारत होते.

"खिळे वाकवू नकोस," मामा म्हणाला. "लालवर तेच ठोकायचेत मला."

तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. पण पुढचा खिळा सरळ काढला.