डाळ कोणाच्या घरची

मित्रांनो, मी एक जुने सूप आहे आणि स्वभावाने संशयी आहे. त्याला माझा इलाज नाही. ज्याचे आयुष्य खडे शोधण्यात गेले, ते समोर येणाऱ्या माणसालाही जरा पाखडून घेणारच.

चांदूर बाजारच्या एका बुरुडाने मला विणले. त्याच्या बायकोने मेथ्या वाटून लिंपल्या आणि माझी भोके बुजवली. तिथून मी अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका प्राथमिक शाळेत आले, ते तिथल्या हेडमास्तरांच्या कृपेने. त्यांच्या घरची ज्वारी शाळेत येई आणि मोठ्या वर्गातल्या मुली ती पाखडून देत. मुलींना अभ्यास किती आला ठाऊक नाही, पाखडणे मात्र उत्तम आले. गल्लीत सगळ्यांना हे माहीत होते. पुढे हेडमास्तर बदलून गेले आणि मी मोडक्या फळ्यामागे पडून राहिले. उंदरांनी माझी कड कुरतडली, पण कोणी विचारपूस केली नाही.

एकोणीसशे सत्तावन्न सालाच्या सुमारास सरोजिनीबाई शिकवायला आल्या. वकिलाच्या घरच्या, गोड बोलणाऱ्या. त्यांनी मला पुसून उन्हात वाळवले, तेव्हाच मला शंका आली. दुपारच्या सुट्टीत त्या तारा नावाच्या एका मुलीला कोपऱ्यातल्या खोलीत नेत, माझ्यात तुरीची डाळ ओतत आणि तिला एकेक दाणा उचलायला लावत. मी म्हटले, झाले! पुन्हा तेच.

पण मी नीट पाहिले. तारा आठ वर्षांची होऊनही पहिलीतच होती. बोलणे तुटक, आणि पेन्सिल बोटांत टिकत नसे. बाई खडूने माझ्यावर अक्षर काढत आणि तारा त्या रेषेवर चिमटीने डाळ मांडत जाई. बोटांत बळ यावे, अक्षर हाताला कळावे, एवढाच बाईंचा हेतू होता. हे त्यांनी तिच्या आईबापांना सांगायला हवे होते. नाही सांगितले. पोरगी मागे पडते असे कळले तर तिला शाळेतून काढतील, ही त्यांना धास्ती. म्हणजे बाईही त्या लोकांकडे संशयानेच पाहत होत्या.

ताराची आई वच्छला मळ्यातली भाजी विकत असे. लेकीच्या नखांत तिला डाळीचा भुगा दिसला. विचारले तर तारा एवढेच म्हणाली, "बाईची डाळ." दुसऱ्या दुपारी वच्छला डोक्यावरच्या टोपलीसकट खोलीच्या दारात उभी.

"कोनाची डाळ हाय हे?"

"माझ्या घरची," बाई म्हणाल्या. उत्तर अगदी खरे होते. पदरमोड करून आणलेली डाळ होती ती. पण याहून वाईट उत्तर दुसरे नव्हते.

"माही लहानी बहीन याच शाळेत ज्वारी पाखडत राह्यली. तिले अजून सही येत नाई. माह्या पोरीले मी घरी घेऊन चालली."

बाईंनी मग घाबरत घाबरत सगळे सांगितले. वच्छलाला पटले नाही. का पटावे? तिने ताराचा दंड धरला, पण तारा माझ्यापुढून उठेना. त्या दिवशी माझ्यावर खडूची रेषही नव्हती. तरी तिने डाळ मांडणे पुरे केले आणि आईकडे पाहून हसली. ते तिचे नाव आहे, असे बाई म्हणाल्या.

"मले वाचता येत नाई. तुमी काईबी सांगान," वच्छला म्हणाली. टोपली खाली ठेवून तिने मला उचलले.

मित्रांनो, आजवर ज्याने त्याने मला उचलले ते गदागदा हलवायला. त्या दिवशी मात्र ती मला दोन्ही तळव्यांवर तोलून भर बाजारातून चालली. एका सायकलवाल्यावर खेकसली. वाटेतल्या गाईला लांबून वळसा घातला. पदर ढळला तरी सावरला नाही. बाईंवर तिचा काडीचा विश्वास नव्हता, पण डाळीचा एक दाणा तिने हलू दिला नाही. तळवे घामाने भिजले होते. हे खरे निघावे, असे तिला फार फार वाटत होते.

पुलाजवळ ताराचे वडील उत्तमराव भाजी मांडून बसले होते. ते दुसरीपर्यंत शिकलेले. बाई काय म्हणाल्या, ते वच्छलाने मुद्दामच सांगितले नाही. मला पुढे धरून ती नुसती म्हणाली, "वाचा."

त्यांनी वाकून पाहिले. "तारा," ते म्हणाले. "कोनं लिवलं?"

वच्छलाचे डोळे भरून आले. तिने मागे उभ्या असलेल्या लेकीकडे नुसती मान केली.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत वच्छला मला घेऊन पुन्हा आली. बाईंची डाळ तिने त्यांच्या पिशवीत परत ओतली आणि पदराची गाठ सोडली. "आजपासून डाळ माह्या घरची," ती म्हणाली आणि दारातच बसली. मग ती रोज येऊन बसू लागली. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी ताराने पाटीवर पेन्सिलीने नाव काढले, तर वच्छला ती पाटीही उत्तमरावांकडे घेऊन गेली.

आता माझा तळ फाटला आहे. मला जपा असे मी म्हणणार नाही, माझे दिवस भरले. पण तुमच्या वर्गात एखादे मूल मागे पडत असेल, तर त्याच्या आईला दारातून परत पाठवू नका. तिला आत बोलवा, सारे काही सांगा. तरीही तिला खरे वाटले नाही, तर रागावू नका. तिला बसायला जागा करून द्या.