चिंधी बांधलेलं झाड

“आईचं बी आहे, मावशी, जरा हळू,” मंजुषा म्हणाली, आणि कोकिळेचा सुपावरचा हात थांबला.

कोंबड्याच्या फुलाचा तुरा तिच्या मुठीत होता. वाळलेला, तरी कुंकवासारखा लाल, मखमली, हाताच्या पंजाएवढा रुंद. घासला की काळंभोर, चकचकीत, मोहरीहून बारीक बी सुपात झरायचं. ते झरायचं थांबलं.

“बत्तीस वर्षं झाले, घासून राह्यली मी,” कोकिळा म्हणाली. “तुह्या आईचं काई सांडवलं नाई आजवर.”

“तसं नाही गं.” मंजुषानं स्टीलचा डबा पुढं सरकवला. शहराला लागून सिंदी मेघेत तिचं नवं घर झालं होतं. पावसाळा लागला की फाटकाच्या दोन्ही अंगांना आईची फुलं लावायची, असं तिनं ठरवलं होतं.

आई म्हणजे वच्छला. मंजुषा चार वर्षांची असताना ती गेली आणि सहा महिन्यांत तिच्या वडिलांनी, किसनरावांनी, सिंदी रेल्वेजवळच्या या गावात कोकिळेला लग्न करून आणलं. वेणीफणी, डबादप्तर, तापात उशाशी बसणं, सगळं कोकिळेनं केलं. पण बायांनी पोरीला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, हिला मावशी म्हण. ती मावशीच राहिली. वच्छलेनं लावलेला अंगणातला फुलांचा कोंबडाही तिचाच राहिला.

दर वर्षी फुलं धरली की कोकिळा फिक्कट झाडं उपटून टाकायची. उरलेल्यांतलं सगळ्यांत भरदार झाड हेरून त्याला चिंधी बांधायची. चिंधीच्या झाडाचं फूल देवालाही तोडायचं नाही. बी धरायचं ते त्याचंच. असं सालोसाल फूल रुंदावत गेलं, रंग गडद होत गेला. पूर्वी पाणी घालताना ती गुणगुणायची,

सवत गं गेली, तिचं दारी फूल,
पाणी घाली कोन, कोन पेटवी चूल

एकदा किसनरावांनी ऐकलं. “मेल्या मानसाचं गानं करतं काय वं?” म्हणाले. त्या दिवसापासून ती मुकाट्यानंच पाणी घालायची.

“बाबा, पाहा तरी किती बी निघालं!” मंजुषा म्हणाली.

किसनराव खाटेवर बसून सुपारी कातरत होते. “निघनच. वच्छलेचा हात होता थो. लावन थे सोनं.”

कोकिळेनं सूप खाली ठेवलं. आत जाऊन भिंतीवरची तसबीर काढून आणली, पदरानं काच पुसली. दारात वच्छला उभी, कडेवर वर्षाची मंजुषा. शेजारी तीनचार कोंबडे, करंगळीएवढे, पिवळट.

“हे पाह्य, मंजू.”

मंजुषाचे डोळे भरले. “किती बारीक होती गं आई.”

“फूल पाह्य वं, फूल. थे असं होतं. अन् हे,” तिनं सुपातला तुरा उचलला, “हे म्या केलं. एकेक झाड उपटून, एकेकाले चिंधी बांधून. माह्यं हाय हे.”

बत्तीस वर्षांत ती असं पहिल्यांदाच बोलली होती. किसनरावांनी अडकित्ता खाली ठेवला. मग किसनराव हसले.

“अवं, पानी घातलं म्हनून फूल तुह्यं होते काय? असं तं उद्या पाऊस बी येऊन म्हनन, माह्यं हाय!”

मंजुषालाही हसू आलं. तिनं ते ओढणीआड केलं.

कोकिळा उठली. परसात, उकिरड्याच्या कडेला, जिथं तिनं कधी काही लावलं नाही की उपटलं नाही, तिथं आपोआप उगवलेले कोंबडे होते. करंगळीएवढे, पिवळट. तिनं मूठभर तोडून आणले आणि मंजुषापुढं ठेवले.

“तुले आईचं पाह्यजे ना? हे घे. याले माहा हात नाई लागला.”

मंजुषानं एक उचलून पाहिलं, तसबिरीकडे पाहिलं, पुन्हा खाली ठेवलं. “हे फाटकाशी कसं दिसेल, मावशी?” आणि सुपाकडे बघत, “तेच दे ना.”

माहेरी आलेल्या लेकीला रिकाम्या डब्यानं कसं धाडायचं? कोकिळेनं सूप डब्यावर कलतं केलं. कडेला चिकटलेले दाणेही बोटानं ओढून घातले.

मंजुषानं झाकणावर कागद चिकटवला, पर्समधलं पेन काढून लिहिलं, ‘आईचं बी’. अक्षर सुरेख होतं. तिचा हात धरून पाटीवर पहिला ‘आ’ कोकिळेनंच गिरवून घेतला होता.

मंजुषाची गाडी गेली.

“सारंच ओतलं?” किसनराव म्हणाले. “थोडं ठेवलं असतं.”

“ठेवलं असतं तं माह्यं म्हनलं असतं मी.”

“मंग औंदा अंगनात काय लावशीन?”

कोकिळेनं सूप पुन्हा मांडीशी घेतलं. ओट्यावर पडलेला एक पिवळट कोंबडा उचलून घासायला लागली.

“वच्छलेचं,” ती म्हणाली.

बी मोजकंच निघालं. निम्मं पोचट. तिनं ते पाखडलं, निवडलं आणि कागदात बांधलं.