यशोधराच्या नावाची इन्क्वायरी

‘हाय यशोधरा! वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा! तुझी निळी स्कूटर अजून तुझी वाट बघतेय.’

धोंडिरामांनी मेसेज वाचला आणि फोन पालथा ठेवला. पण तेवढ्यात त्यांच्या बायकोने, मीराने, ओट्यापाशी मान वळवली होती.

“कुणाचाय?”

“जाहिरात आहे.”

“तिच्या नावानं आलीय ना?”

तव्यावरची भाकरी करपायला लागली, तरी मीरा हलली नाही.

लेकीला जाऊन आठ महिने झाले होते. यशोधरा गोरेगावच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची. चारकोपहून सकाळी सहाला निघायची, रिक्षासाठी अर्धा अर्धा तास ताटकळायची. मागच्या वर्षी तिने इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायचं मनावर घेतलं. पगार तिचा होता. वडिलांकडून हवा होता तो फक्त होकार.

“लिंक रोडला डंपर कसे चालतात, बघतेस ना?” धोंडिराम म्हणाले होते. “मी जिवंत आहे तोवर दुचाकी नाही.”

ती दोन दिवस बोलली नाही. मग बोलायला लागली आणि विषय मिटला. त्यानंतर दीड महिन्यात ती डेंग्यूने गेली. रस्त्यावर नाही, डंपरखाली नाही; हॉस्पिटलच्या स्वच्छ खाटेवर, पाच दिवसांत. प्लेटलेट्स म्हणजे काय, ते तीच त्यांना समजावून सांगत होती.

पीएफच्या कामाचे ओटीपी तिच्या नंबरवर यायचे, म्हणून फोन चालू ठेवला होता. त्या फोनमधून स्कूटर घरात शिरली. मग एकदा धोंडिरामांनी न राहवून स्वतःच्या मोबाइलवर त्या स्कूटरचं नाव टाकून पाहिलं, आणि तेव्हापासून ती त्यांच्याही मागे लागली. जेवणाच्या सुट्टीत भीमगीत लावलं, की आधी निळी स्कूटर. बातम्या उघडल्या, की खाली निळी स्कूटर. चालवणाऱ्या मुलीचं तोंड हेल्मेटमध्ये. ते दरवेळी व्हिडिओ थांबवून काचेआड बघत बसायचे.

त्या दिवशी त्यांनी कारखान्यात अर्धी रजा टाकली आणि शोरूम गाठलं.

“नाव कमी करायचंय,” ते काउंटरवरच्या मुलीला म्हणाले. तिच्या शर्टावर ‘स्वरदा’ अशी पट्टी होती.

“इन्क्वायरी कुणाच्या नावाने होती, काका?”

“यशोधरा धोंडिराम खरात.”

तिने टॅबवर नाव टाकलं आणि एकदम हसली. “अरे, यशोधरा मॅडम! दोनदा आल्या होत्या टेस्ट राइडला.”

“दोनदा?”

“पहिल्यांदा जाम घाबरलेल्या. दुसऱ्यांदा मला मागे बसवून मार्केटपर्यंत झकास नेलं. म्हणाल्या, आता पप्पांना असंच बसवते, मग बघते कसे नाही म्हणतात ते! काय झालं मग? दुसरीकडून घेतली ना?”

“ती गेली.”

“कुठे? पुण्याला?”

धोंडिराम नुसते बघत राहिले. स्वरदाचं हसू जागच्या जागी थांबलं. तिने टॅब खाली ठेवला, पुन्हा उचलला.

“सॉरी, काका. मी आत्ता बंद करते.” तिचं बोट वर-खाली फिरत राहिलं. “कारण टाकल्याशिवाय बंद होत नाही. दुसरी गाडी घेतली, बजेट नाही, नंतर कळवतो... यात ते नाहीये. ‘इतर’ करून लिहावं लागेल. काय लिहू?”

“लिही, वडिलांनी नको म्हटलं.”

स्वरदाने वर पाहिलं. मग मान खाली घालून एकेक अक्षर टाइप केलं. धोंडिराम शेवटच्या अक्षरापर्यंत बघत होते.

काम झालं. तरी त्यांचा पाय निघेना.

“बाळा, तुला तिनं ज्या रस्त्यानं नेलं, तो आठवतो?”

स्वरदाने काही न विचारता दोन हेल्मेटं काढली. बाहेर डेमोची निळी स्कूटर उभी होती. धोंडिराम मागे बसले. हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून त्यांनी मांडीवरच घट्ट धरून ठेवले.

गाडी निघाली. पुढे फक्त हेल्मेटची पाठ होती, चेहरा नव्हता. लिंक रोडला एक डंपर अगदी शेजारून घरघरत गेला. त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा डंपर लांब गेला होता आणि गाडी आपल्या कडेने नीट चालली होती. वळणावर स्वरदाने उजवा हात बाहेर काढला.

“ती पण असा हात दाखवायची?”

“हो. इंडिकेटर लावूनसुद्धा! मी हसले, तर म्हणाल्या, राहू दे गं, मागच्याला कळलं पाहिजे.”

मार्केटपाशी वळून ते परत आले. शोरूमसमोर स्कूटर थांबली. एकतीस वर्षं लेथवर काढलेल्या धोंडिरामांना आवाजावरूनच मशीन चालू की बंद, ते समजायचं. हिला आवाजच नव्हता. बंद झाली की चालूच आहे नि नुसती उभी आहे, त्यांना कळेना. ते तसेच बसून राहिले. स्वरदाही हँडल धरून बसली होती. तिने त्यांना उतरा म्हटलं नाही.