पुढचा ब्रेक

आमच्या घरातला पॅसेज आता अकरा किलोमीटर लांब आहे. या टोकाला स्वयंपाकघर, त्या टोकाला रेवूची खोली. रेवू पाच महिन्यांची आहे.

हॉस्पिटलमधून तिला घरी आणलं तेव्हा पॅसेज नऊ पावलांचा होता. पाळण्याचा हुक त्याच खोलीच्या स्लॅबला आहे, म्हणून पाळणा तिथे. ती झोपली की तिच्या-माझ्यामधलं अंतर वाढतं. जागी असते तोवर आहे तेवढंच राहतं. पहिल्या आठवड्यात मी चालत जायची, मग धावत. बारशाच्या दिवशी बायका नाव ठेवायला गेल्या आणि परत येईपर्यंत उन्हं कलली. आमच्याकडे दिवस बुडायच्या आत जेवतात. मोठ्या वन्सं वाटेतच भिंतीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "इथंच पान आणा माझं."

उपाय करून पाहिले. एकदा पाळणा सोडून तिला ओट्याजवळ गादीवर निजवलं. तिचा डोळा लागला आणि ओटा नि फ्रिज यांच्यामध्ये तीन किलोमीटर झाले. एकदा तिला मांडीवरच झोपू दिलं. तेव्हा माझे हात लांब व्हायला लागले. कोपरापासून पुढे दुखत नव्हतं, नुसतं ताणल्यासारखं होत होतं. तिचं डोकं तळहातावर होतं आणि तळहात दाराबाहेर गेला होता. तो प्रयोग मी पुन्हा केला नाही. तिला होती तिथेच नेऊन ठेवलं. निदान पॅसेजला फरशी सपाट आहे.

तेव्हापासून मी मोटरसायकलने जाते. मोटरसायकल सासऱ्यांची, एकतीस वर्षांपूर्वीची, शंभर सीसीची. मी त्यांना मामा म्हणते. ते हायस्कुलात ड्रॉइंग शिकवायचे. जयसिंगपुरात सगळे त्यांना मास्तर म्हणतात. गाडी हॉलमध्ये सोफ्याशेजारी उभी असते. खाली जुनी चादर घातली आहे, ऑइल टपकतं म्हणून. दर रविवारी मी चेन रॉकेलने पुसते, तेल देते, प्लग काढून घासते. मागच्या ब्रेकच्या दांडीचा नट दर आठ दिवसांनी अर्धा फेरा आवळते. आवळायला आता आटे उरले नाहीत.

माझा नवरा, अभिनंदन, रोज कामावरून आला की पॅसेजच्या तोंडाशी उभा राहून आतल्या दिशेने हात हलवतो. मग बूट काढतो.

परवा मी खोलीच्या दारात ब्रेक दाबला आणि गाडी थांबली नाही. मागचं चाक अडकलं, पण टायर फरशीवरून तसाच सरकत राहिला. पुढचं मडगार्ड पाळण्याला लागलं. पाळणा हलला. रेवूला वाटलं मी झोका दिला. ती हसली. मी गाडी स्टँडला लावली आणि खाली फरशीवर बसले. बराच वेळ बसले होते. ब्लाउज भिजला होता, ते मला उठल्यावर कळलं.

म्हणून आज दुपारी दस्तगीर मेस्त्री घरी आले. दोन्ही खांद्यांवर दोन-दोन टायर, हातात पान्यांची पेटी. रेवू दूध पिऊन झोपली होती. पॅसेज वाढत होता. दाराच्या चौकटीजवळ कान नेला की करकर ऐकू येते.

मेस्त्रींनी मागच्या टायरवरून अंगठा फिरवला. "वहिनी, गोटा झालाय हा. नक्षी कुठाय?"

"पुढच्याला आहे की," मामा सोफ्यावरून म्हणाले.

"पुढच्याला हाय मास्तर. नक्षी हाय, पण रबर लाकूड झालंय. टायरचं वयबी बघायचं असतंय." त्यांनी टायरच्या कडेवरचे चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. "पाच-सहा वर्षं झाली की काढून टाकायचा. तुमचा अठरा वर्षांचा हाय. ह्याला आता मतदानच करू द्या."

मग त्यांनी आणलेले टायर माझ्यासमोर ठेवले. दोन जोड्या. एक मऊ रबराची, एक कडक.

"मऊ घेतला तर फरशी धरंल, पण लवकर झिजंल. कडक घेतला तर झिजणार नाही, पण धरणार बी नाही. काय देऊ?"

मी मऊ टायरवर नख रोवलं. नखाची खूण उमटली आणि हळूहळू बुजली. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात. रेवूच्या कानांच्या पाळ्यांवर जन्मतः तसेच होते. मालिश करता करता गेले. कडेवरचा आकडा पाहिला. छत्तिसावा आठवडा.

"हा रेवूच्या आठवड्यातला आहे."

"मग जुळी म्हणा की," मेस्त्री म्हणाले.

मी मऊ जोडी घेतली. मेस्त्रींनी कडेवरचा बाण दाखवला. चाक ज्या दिशेने फिरणार, बाण त्याच दिशेला हवा, उलटा बसवला तर टायर आपलाच आपल्याशी भांडतो. मी दोन्ही बाण पाळण्याच्या दिशेला आहेत ना, ते बघून घेतलं.

मग त्यांनी चाकं खोलली. मागच्या ब्रेकचे लायनर संपून पत्रा ड्रमला घासत होता. पुढचं चाक उघडलं तेव्हा मात्र त्यांनी ते उजेडाकडे धरलं. आत लायनर अगदी जाडजूड होते, नव्यासारखे, आणि काचेसारखे चकचकीत. केबल गंजून नळीला चिकटली होती.

"मास्तर, पुढचा ब्रेक कधी दाबला होता?"

"कधीच नाही," मामा म्हणाले. "पुढचा ब्रेक दाबायचा नसतो. दाबला की माणूस हँडलवरनं पुढं जातो. आमच्या पीटीच्या सरांचे दोन दात तसेच गेले."

"एकतीस वर्षांत एकदाबी नाही?"

"एकदाही नाही. आणि एकदाही पडलो नाही."

"मग थांबत कसे होता?"

"थांबायचं असलं की आधीपासून थांबायचं."

मेस्त्रींनी लायनर माझ्या हातात दिला. "न वापरता मेलाय बघा. मागच्या ब्रेकवर एवढी गाडी थांबवायची म्हणजे ह्याला ब्रेक म्हणत नाहीत वहिनी, नवस म्हणतात. गाडीला खरं धरतो तो पुढचा."

"दोन्ही नवे घाला," मी म्हणाले.

मामांनी चष्मा पुसला. "पुढचा घालून उपयोग काय? हँडलवरची त्याची दांडीच काढायची आहे."

तेही खरं होतं. घर तेवढंच आहे. लांबी वाढते तशी रुंदी कमी होते, कणकेचा गोळा दोन्ही हातांनी ओढल्यासारखी. सकाळी मी मापून आले होते. हँडलच्या दोन्ही बाजूंना अंगठ्याएवढी जागा उरली आहे. मामांचं म्हणणं होतं, हँडल दोन्हीकडून चार-चार बोटं कापावं. डावीकडचा क्लच आत सरकवता येतो. उजवीकडे रेसची मूठ ठेवली तर ब्रेकच्या दांडीला जागा उरत नाही. तेवढी ती काढली की गाडी आणखी महिनाभर आत जाईल. आकृती त्यांनी वहीत काढून ठेवली होती. शेडिंगसकट.

"कापलं तर पोचाल," मेस्त्री म्हणाले. "थांबाल का, ते सांगता येत नाही. नाही कापलं तर थांबाल. पोचाल का, ते सांगता येत नाही."

"सुकन्या, पोचायचं आधी बघ," मामा म्हणाले. ते माझ्याशी नेहमीच हळू बोलतात. "लेकरू भुकेलं असतं."

मला पाळणा हलला तो आठवला. तिचं हसू आठवलं.

"आज ब्रेक घाला. उद्या कापू," मी म्हणाले.

मामांनी वही मिटली. मेस्त्रींनी केबल बदलली, ड्रम पॉलिश पेपरने घासला, नवे लायनर बसवले. चाक हाताने फिरवलं आणि मला दांडी दाबून बघायला सांगितलं. मी चार बोटं ठेवली आणि दाबली. चाक जागच्या जागी थांबलं, कुणीतरी नाव घेऊन हाक मारल्यासारखं.

"पण लक्षात ठेवा," ते हात पुसत म्हणाले, "लायनर बसायला दोनशे किलोमीटर लागतात. टायरबी नवे हायत, पहिले शंभर घसरतात. दोन दिवस बाहेर रस्त्यावर फिरवा. शिरोळला जाऊन या."

तेवढ्यात रेवू रडली.

तिचं रडणं माझ्यापर्यंत पोचायला अर्धं मिनिट लागतं. म्हणजे मी ऐकते ते नेहमी अर्ध्या मिनिटापूर्वीचं असतं. ती आता रडतेय की गप्प झाली, हे मला कधीच माहीत नसतं. मी पदर खोचला आणि किक मारली.

"वहिनी, शिरोळ," मेस्त्री म्हणाले.

"येताना जाईन," मी म्हणाले.

पॅसेजमध्ये दर पन्नास मीटरला आमच्या लग्नाचा तोच एक फोटो येतो. पहिल्या काही किलोमीटरवर त्यात आम्ही हसतो आहोत. पुढे भिंत ताणलेली आहे, त्यामुळे तोंडंही लांबट होत जातात. आठव्या किलोमीटरनंतर हसणं कुठे संपतं ते दिसत नाही. मी तिकडे बघत नाही. मी फरशी बघते. नवे टायर सुरुवातीला थोडे सरकत होते, मग धरायला लागले. मऊ आवाज येत होता, ओल्या पायांनी चालल्यासारखा. तीन ठिकाणी मी वेग कमी करून दोन्ही ब्रेक दाबून पाहिले. दोन्ही वेळेवर आले. मामांचा पुढचा ब्रेक माझ्या बोटांखाली एकतीस वर्षांनी काम करत होता, आणि मी हँडलवरून पुढे गेले नाही.

दहा किलोमीटर झाल्यावर हँडलची उजवी मूठ भिंतीला लागली. किंचितच. चुना उडाला. मी कोपरं पोटाशी घेतली. मग डावी लागली. दुपारच्या झोपेत पॅसेज या टोकाला जास्त ताणला गेला असावा. कणीकही कधी मध्ये न तुटता बोटांजवळ तुटते. माझे गुडघे भिंतींना घासत होते. परत फिरण्याचा प्रश्न नव्हता. दोन महिन्यांपासून इथे गाडी वळत नाही, येताना तिच्या खोलीत वळवून आणावी लागते.

पुढे खोलीचं दार दिसलं. दारातून पाळणा, आणि पाळण्याच्या कठड्यातून तिची मूठ. ती अजून रडत होती. आता मला ऐकू येत होतं ते आत्ताचंच रडणं होतं. मी रेस दिली. शेवटचा तुकडा वेगात निघून जाईल असं वाटलं.

ब्रेकच्या दांडीच्या टोकाला एक गोल बोंड असतं. ते बोंड भिंतीला टेकलं. गाडी पुढे जात होती, भिंत तिथेच होती, आणि भिंतीने ती दांडी हळूच मागे ओढली. मी ओढली नाही. माझी बोटं नुसती दांडीवर होती.

पुढचं चाक थांबलं.

मी टाकीवर आदळले आणि परत सीटवर बसले. दात शाबूत होते. हँडल दोन्ही भिंतींत रुतलं होतं, डावीकडे क्लचही भिंतीने दाबून धरला होता. मी दांडी सोडली, पण भिंतीने सोडली नाही. गाडी मागे ओढून पाहिली. पाय उचलून उतरायला बघितलं. एका बाजूला इंजिन, दुसऱ्या बाजूला भिंत, मध्ये माझी पोटरी. पुढच्या टायरवरचे रबराचे केस अजून तसेच ताठ होते.

रेवूला इंजिनाचा आवाज ओळखता येतो. ती रडायची थांबली. तिने मान वळवली आणि मला पाहिलं. तिच्या अंगाचा वेखंडाचा वास माझ्यापर्यंत येत होता. पुढच्या चाकापासून पाळण्यापर्यंत सहा फरश्या होत्या. मी दोनदा मोजल्या.

मला पान्हा फुटला. ब्लाउज गरम झाला, मग गार.

"रेवू," मी म्हणाले. "आले बघ."

ती हात हलवत होती, तिचा बाबा रोज संध्याकाळी हलवतो तसाच. गाडी माझ्याखाली एकसारखी धडधडत होती. या आवाजाने ती नेहमी झोपते. अगदी तापातसुद्धा झोपते. इंजिन बंद करावं म्हणून मी किल्लीकडे हात नेला. किल्ली हँडलच्या खाली होती, पण कोपर भिंतीला अडत होतं आणि बोटं तिथवर पोचत नव्हती. मी हात लांब करायचा प्रयत्न केला. मागे एकदा झाले होते ते. पण हात लांब होतात ते ती झोपल्यावरच.

"रेवू, झोपू नकोस हं. इकडे बघ. आई कुठे आहे? इथे. बघ, इथे."

तिने माझ्याकडे बघत बघत जांभई दिली. दोन्ही मुठी गालांशी नेल्या, डोळे मिटले.

मी पुन्हा फरश्या मोजल्या. सात होत्या.