आत्याचा तुकडा

चार दिवस आत्या फिरकली नाही तेव्हा बाबा म्हणाला, "जा, बघून ये. फुगली असेल कशावर तरी."

शाळा सोडल्यापासून घरातली निरोप्यागिरी माझ्याकडेच आहे. गेले.

आत्या तिच्या इस्त्रीच्या दुकानात चादरी दाबत होती. गेल्या वर्षी तिने आपल्या लिव्हरचा तुकडा बाबाला दिला. तेव्हापासून रोज संध्याकाळी दारातूनच ओरडायची, "माझा तुकडा काय म्हणतोय रे?" बाबा म्हणायचा, "तुझ्यावरच गेलाय, गप्प बसत नाही."

आज तिने मान वर केली नाही. कोपराच्या आतल्या बाजूला कापसाची चिकटपट्टी होती. तहान लागली म्हणून मी तिचा पेला उचलला.

"ठेव तो! उष्टा आहे."

"मग? लहानपणापासून तुझंच उष्टं खाते मी."

"ठेव म्हटलं ना!"

"रक्त कशाला दिलंस?"

ती चादरीची घडी घालत म्हणाली, "तुझ्या बाबाचा शर्ट इस्त्रीला आला, त्याच्या खिशात रिपोर्ट सापडला. हिपॅटायटिस सी. माझ्याकडूनच गेला असणार त्याच्यात. माझा रिपोर्ट उद्या येईल."

"ऑपरेशनच्या आधी तुला दहादा तपासलं होतं."

"तपासण्या चुकतात."

माझं डोकंच फिरलं. "अगं बाई, तो व्हायरस बाबाचाच आहे! जुना. पहिलं लिव्हर त्यानेच खाल्लं. रक्तात राहिला होता, आता नव्यालाही धरलं. तुझ्यात काही नाही. आणि पेल्याबिल्याने होत नाही तो, रक्तातून होतो!"

वाटलं, सुटले म्हणून हसेल. तिने इस्त्री उभी करून ठेवली.

"म्हणजे माझा तुकडा चांगला होता."

"एकदम."

"आता नाही."

"गोळ्या आहेत," मी म्हटलं, "तीन महिन्यांच्या. बहुतेकांचा जातो, असं डॉक्टर म्हणाले."

"असं होणार हे त्याला आधी माहीत होतं?"

खोटं बोलता आलं असतं. घरात तसं ठरलंही होतं. पण तेवढाही जोर नव्हता माझ्यात.

"हो. तू नाही म्हणशील म्हणून लपवलं."

"मी नाही म्हटलं नसतं."

"मग झालं तर!"

"काय झालं? मला विचारायचं होतं." आवाज चढवला नाही तिने. पुढची चादर ओढली, पाणी शिंपडलं. "त्याला पाठव. तू मध्ये बोलू नकोस. त्याच्या तोंडून ऐकायचंय मला."

रस्ताभर बाबाचा राग यायची वाट बघत होते. एरवी क्षुल्लक कारणावरून येतो. आज आलाच नाही.

घरी बाबा टीव्हीसमोर बसला होता. आवाज बंद केलेला.

"चप्पल घाल," मी म्हटलं. "आत्याला सगळं कळलंय. ऑपरेशनच्या आधीचंसुद्धा."

"तू सांगितलंस?"

"हो."

मला वाटलं, मारेल. त्याने टीव्ही बंद केला. पोटावर हात दाबत उठला आणि म्हणाला, "तू चल ना बरोबर."

"नाही," मी म्हटलं.