सगळे शमाया आमच्या घरी

मलकाने लग्नानंतर पहिल्यांदा माझं नाव घेतलं, आणि माझ्याआधी सात-आठ शमाया घरात शिरले. सगळे आम्हा यहुद्यांच्या शास्त्रातले. तिथे या नावाचे पुष्कळ. कोणी लेवी म्हणजे देवळातला सेवेकरी, कोणी तिथला द्वारपाल, कोणी नुसताच कोणाचा तरी बाप. एकेकाच्या वाट्याला जेमतेम एखादी ओळ. पाय वाळूने भरलेले होते, पण चपला त्यांनी उंबऱ्याबाहेर नीट काढल्या.

एरवी ती मला ‘अहो’ म्हणायची. रेवदंड्यात आमच्या वेळची बाई नवऱ्याचं नाव घेते होय? पण या दुखण्यात ती मला विसरली आणि नाव तेवढं तिच्याजवळ राहिलं.

“शमाया,” ती खाटेवरून म्हणाली. सगळ्यांनी ओ दिली.

“बाबांनो, ती मला हाक मारतेय,” मी म्हणालो.

“असेल,” द्वारपाल म्हणाला. “आम्हाला नुसतं लिहून ठेवलंय. हाक कोणी मारलीच नाही.”

एकेक जण तिच्यापुढे वाकायचा. ती डोक्यावरून हात फिरवायची, “जेवलात?” विचारायची. तिला बरं वाटावं म्हणून काल आमच्या संदेष्ट्याच्या, एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा केला होता, तो गोड पोह्यांचा मलिदा त्यांनी चाटूनपुसून संपवला. तिने पुन्हा हाक मारली की आणखी येत. सगळ्यांना बसता यावं म्हणून खोली लांबत गेली आणि खाट दूर गेली. माझ्याच घरात मी रांगेत शेवटचा! मला रडू आलं. तिने एकदा मला ओळखावं, एवढंच हवं होतं.

शुक्रवार होता. ऊन भिंतीवरून उतरायला लागलं. सूर्य बुडाला की शब्बाथ, आमचा विसाव्याचा वार, सुरू; त्याच्या आत दिवा लागायला हवा. तिकडे टोकाला मलका उठून बसली, डोक्यावर पदर घेतला.

“अहो,” ती म्हणाली.

कोणीच ओ दिली नाही. शमाया एकमेकांकडे बघायला लागले.

“हा ‘अहो’ कोण?” द्वारपालाने विचारलं.

“मी,” मी म्हणालो.

सगळ्यांनी गुडघे जवळ घेतले आणि मधे वाट झाली. मी निघालो. खोली अजून लांबतच होती.

“अहो, काडेपेटी कुठंय? ऊन चाललं ना!”

तिच्या दुखण्यापासून काडेपेटी मीच जवळ ठेवतो.

“आलो, आलो गं!” म्हणत मी धावत सुटलो. खिशात काड्या वाजत होत्या.